हाज्जा इन्शिराहचा शेवटचा नळ

माझ्या सासूबाईंनी जन्मभर दुसऱ्यांनी उघडे टाकलेले नळ बंद केले. तेच त्यांचं काम होतं. अलेक्झांड्रियाच्या बहरी मोहल्ल्यात मासळीबाजाराच्या मागे एक जुनी मशीद आहे. तिच्या बायकांच्या बाजूला वजूची जागा आहे, बसायला दगडी ओटे आणि समोर ओळीने पितळी नळ. नमाजेला येणाऱ्या बायका तिथं हात, तोंड, पाय धुवायच्या आणि आत नमाज उभी राहिल्याचं कळलं की नळ तसाच सोडून ओल्या पायांनी धावायच्या. मग लाकडी खडावा टाकटाक वाजवत सासूबाई यायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक नळ पिळत जायच्या.

नाव इन्शिराह. सगळी बहरी त्यांना हाज्जा इन्शिराह म्हणे. हज त्यांना घडली नाही, पण आमच्याकडे पिकल्या केसांच्या बाईला हाज्जा म्हणतातच. त्यांना तर केस काळे असतानाच म्हणू लागले होते. ओरडाच खायचा तर निदान हाज्जाचा खावा, असं बायकांना वाटत असावं.

ओरडायच्या मात्र छान. "बाई, वजू करतेस का म्हैस धुतेस?" हे रोजचं. एखादी नटूनथटून आलेली असली तर, "घरच्या अत्तराची बाटली अशीच उघडी टाकून आलीस का गं?" नवी नवरी असली तर जरा मऊ, "पोरी, नळ नवऱ्यासारखा असतो, अर्धवट बंद केला की रात्रभर किरकिरतो." बायका हसायच्या आणि परत येऊन नळ पिळायच्या.

ज्या नळाची गळती काही केल्या थांबत नाही, त्याचं पाणी त्या मागून बंद करायच्या आणि त्याची मूठ काढून झग्याच्या खिशात टाकायच्या. दुरुस्तीवाला येईपर्यंत मूठ खिशातच. संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा खिसा खुळखुळायचा. माझे यजमान, रिफअत, लहानपणी त्याच मुठींशी खेळले. दुसरं खेळणं घरात फारसं नव्हतं.

पाणी ही अमानत आहे असं त्या मानत. अल्लाहने सांभाळायला दिलेली वस्तू. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, "कयामतच्या दिवशी तुला तुझ्या नमाजांचं विचारतील. मला आधी नळांचं विचारतील. माझ्या हातात दिले होते ना." थट्टा करताहेत असं वाटून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

सासरे गेल्यावरही त्या बहरीतल्या खोलीतच राहिल्या. काम सुटलं, गुडघे गेले, तरी तिथून हलल्या नाहीत. मग डोकं फसवायला लागलं. एका दुपारी रणरणत्या उन्हात त्या मशिदीच्या दारात उभ्या राहून आपल्या खडावा मागत होत्या आणि तिथली नवी बाई बिचारी त्यांना आपल्या प्लास्टिकच्या चपला देऊ करत होती. शेजाऱ्यांचा फोन आला. रिफअत गेले आणि त्यांना आमच्याकडे, शहराच्या मुहर्रम बेक भागात घेऊन आले. सामान म्हणजे एक गाठोडं, नमाजेची चटई आणि सासऱ्यांचा फोटो.

आमच्या हॉलमध्ये भिंतीला लागून माशांची मोठी काचेची टाकी आहे. रिफअत चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. दिवसभर यंत्रावर मान खाली. घरी आले की चहाचा पेला घेऊन टाकीसमोर बसतात. इतर पुरुष कॉफीच्या अड्ड्यावर जातात, हे इथं बसतात, त्यामुळे माझी कधी तक्रार नव्हती. टाकीच्या कोपऱ्यात काचेचाच एक उभा कप्पा आहे, त्याची वरची कड कंगव्यासारखी दातेरी. वरचं पाणी त्या दातांमधून कप्प्यात पडतं, तिथून पाइपने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरतं, गाळून स्वच्छ होतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. तेच पाणी, गोल गोल.

पण आवाज फार. तो एकटा पाइप पाण्याबरोबर हवाही ओढायचा. पेल्याच्या तळाशी उरलेला उसाचा रस कुणी नळीने ओढावा तसा आवाज, आणि मधूनच मोठा घोट. वर्षानुवर्षांच्या सवयीने आम्हाला तो ऐकूच येईनासा झाला होता. सासूबाई आल्या त्या दिवशी पुन्हा ऐकू यायला लागला.

"नळ चालू आहे," त्या म्हणाल्या. अजून बसल्याही नव्हत्या.

"टाकीचा आवाज आहे, आई."

"तेच म्हणते. टाकीचा नळ चालू आहे."

रिफअतनी त्यांना हाताला धरून नेलं, दाखवलं, हे पाणी खाली जातं, हे वर येतं. त्यांनी समजुतीने मान हलवली. पाण्याचा पेला संपेपर्यंत ते टिकलं. मग पुन्हा उठल्या. न्हाणीघरातला नळ पिळला, स्वयंपाकघरातला पिळला, संडासातला पिळला. आवाज चालूच. पुन्हा न्हाणीघर. त्यांच्या तोंडावर जी घाबरगुंडी असायची ती मला बघवत नसे. घरात कुणाचा तरी जीव जातोय आणि बाकीचे चहा पीत बसलेत, असं काहीतरी.

असं दिवसभर चालायचं. नमाजेला बसल्या की नमाजेतून उठायच्या. कुराण लावलं की त्या आवाजाच्या आडूनही त्यांना ते पाणी ऐकू यायचं. मी नळांची मुख्य चावीच बंद करून पाहिली, घरातला एकेक नळ उघडून दाखवला, थेंब नाही. "मग हे कुठलं?" त्या कुजबुजल्या आणि आणखीच घाबरल्या.

आणि मग पडल्या. बोळात, न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून. मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि रिफअतना बाजूला घेऊन सांगितलं, यावेळी मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी खुब्याचं हाड जाईल आणि या वयात त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत.

तान्ताहून नणंद आली. अफकार तिथं मुलींच्या शाळेत शिकवते. ती घरात शिरली, आईच्या कपाळाचा मुका घेतला आणि टाकीकडे बघून म्हणाली, "अजून आहेत का हे? मला वाटलं होतं आतापर्यंत तळून झाले असतील."

"अफकार," रिफअत म्हणाले.

"अफकार काय? बाई दिवसभर ज्या आवाजामागे धावते तो आवाज तू घरात पाळलायस. कुत्रा चावत असता तर बांधला असतास ना?"

तिचं खोटं नव्हतं. ती आईला तान्ताला न्यायचं म्हणत होती. तिचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट कधी चालते कधी नाही. ती शाळेत गेली की आई कुलपाआड एकटी. तिला हे ठाऊक होतं, आणि बोलताना ती आमच्याकडे बघत नव्हती.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तान्ताला समुद्र नाही. आणि मला अबू रिफअतच्या शेजारी निजायचंय." अबू रिफअत म्हणजे रिफअतचे वडील, माझे सासरे; ते इथंच, अलेक्झांड्रियात पुरलेत. मग त्यांनी ओढणीखाली हात घेतले. त्यानंतर रोज सकाळी त्यांचं गाठोडं बांधलेलं दिसायचं. मी सोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेलं.

टाकी काढून टाकायची हे रिफअतनी आधीच ठरवलं होतं. बाजारातला एक माणूस बघायलाही आला. पण सासूबाई टाकीसमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, एक हात प्लास्टरमध्ये. "हे माझे," म्हणाल्या. कारण आवाजाचा जितका त्यांना छळ होता तितकाच माशांचा लळा. सकाळी दाणे त्याच टाकायच्या. सगळ्यात मोठ्या, पोट सुटलेल्या सोनमाशाला त्यांनी उमदा नाव ठेवलं होतं, गावच्या मुखियाला म्हणतात ते. "उमदासाहेब आज कुणावर रागावलेत?" असं विचारून त्या एकट्याच हसायच्या. आमच्या लमयाचं, सख्ख्या नातीचं, नाव त्या विसरल्या होत्या. उमदाचं नाव विसरत नव्हत्या. तो माणूस रिकाम्या हाताने गेला.

म्हणजे मासे हवेत, पाणी हवं, आवाज नको. अफकारने सांगितलं, "पुढच्या महिन्यात येईन. तेव्हाही आई अशीच धावताना दिसली तर कपडे भरून घेऊन जाईन, आणि तू मध्ये यायचं नाहीस."

पहिल्यांदा आम्ही उस्ता बुशराला बोलावलं. आमच्या सगळ्या इमारतीचं नळकाम तोच करतो. त्याने कपाट उघडलं, कान लावला, सिगारेट कानामागे ठेवली.

"पाणी आहे, ते बोलणारच. तुमच्या हाज्जा बोलत नाहीत का?"

"उस्ता, थट्टा नंतर. आवाज बंद होईल का?" मी विचारलं.

"उम्म लमया, मी मंत्र्याच्या घरचा फ्लश गप्प केलाय."

मला तो लमयाची आई म्हणूनच हाक मारतो. त्याने पाइपच्या तोंडाला एक वाकडा तुकडा लावला आणि आत स्पंज कोंबला. आवाज खरंच बसला. आम्ही त्याला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी स्पंजात माशांची घाण अडकली, पाणी उतरेना, टाकी काठोकाठ भरली आणि गालिचा भिजला. सासूबाई ओल्या गालिच्याकडे बघत उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. "सांगत होते मी," इतकंच हळू म्हणाल्या. रिफअतनी स्पंज उपसून फेकून दिला.

त्या शुक्रवारी ते बाजारात गेले ते उन्हं कलल्यावर परतले, हातात पाइपचे तुकडे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह. मासेवाल्यांशी बोलून आले होते. चहा न घेताच मला समजावायला लागले. पाण्याला आवाज नसतो, पाण्यात शिरलेल्या हवेला असतो. पाइप काठोकाठ पाण्याने भरून वाहिला, हवेला जागाच उरली नाही, तर तो मुका होतो. म्हणून एक पाइप असा करायचा की तो पूर्ण भरूनच वाहील, आणि खाली त्याला चाकाचा व्हॉल्व्ह लावून बरोब्बर तेवढाच उघडा ठेवायचा. पण असा पाइप नेमका जमला तरी जरासं पाणी कमीजास्त होतंच, ते घ्यायला दुसरा पाइप, त्याच्या भिंतीला चिकटून बारीक धार उतरेल, तिलाही आवाज नाही.

"आणि हा तिसरा?"

"तो कोरडा राहील. दोघांच्याही वर त्याचं तोंड. पहिला तुंबला आणि दुसऱ्याला पाणी आवरलं नाही, तर हा घेईल."

"म्हणजे काही न करणारा पाइप."

"काही करू नये अशीच दुआ कर. पण केलंच तर त्याने ओरडलं पाहिजे. त्याचं खालचं टोक मी पाण्यात बुडवणार नाही, उंच ठेवणार. पडेल तेव्हा सगळ्या घराला कळेल." स्पंजाची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती.

काचेला आणखी दोन भोकं पाडायची होती. मासे न्हाणीघरात प्लास्टिकच्या टबांत गेले आणि सासूबाई स्टूल टाकून त्यांच्या राखणीला बसल्या. टाकी रिकामी झाली. रिफअतनी आधी दुकानातला पोलराइज्ड उन्हाचा चष्मा काचेसमोर धरून फिरवून पाहिला. भाजून कडक केलेली काच असती तर त्यात काळे डाग दिसले असते आणि भोक पाडताना तिचा चुरा झाला असता. डाग नव्हते. मग हिऱ्याच्या दातांचं गोल पातं लावलं, कागदी टेपने जागा आखली आणि मला पाण्याची बाटली दिली. पातं तापू नये म्हणून मी बारीक धार सोडत राहायची. मी बिस्मिल्लाह म्हटलं आणि डोळे मिटावेसे वाटत असताना उघडे ठेवले. काच किंचाळते तेव्हा दात शिवशिवतात. रिफअत भिंगावर वाकतात तसे वाकले होते, दाब नाही, घाई नाही. काचेची चकती सुटून त्यांच्या तळहातावर पडली तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.

न्हाणीघरातून आवाज आला, "पोरा, उमदासाहेब विचारताहेत, घराला किती वेळ?"

"सांग त्यांना, आई, गवंडी आळशी आहेत."

खूप दिवसांनी घरात थट्टा ऐकू आली.

पाइप चिकटवले, सोल्यूशन वाळू दिलं, पाणी भरलं, पंप सुरू केला. सुरुवातीला भयंकर गडगडाट. पाइपमधली हवा खालच्या टाकीतून बुडबुडे काढत बाहेर पडत होती. मी सासूबाईंना माझ्या खोलीत नेऊन बसवलं. रिफअत कपाटासमोर गुडघे टेकून व्हॉल्व्हचं चाक केसभर फिरवायचे आणि थांबायचे. वर कप्प्यातलं पाणी चढतंय का उतरतंय ते बघायचे. पुन्हा केसभर. पाणी हळूहळू वर आलं, पहिल्या पाइपचं तोंड बुडालं, मग दुसऱ्याच्या ओठाला लागून तिथंच ठरलं. आणि घर गप्प झालं.

मला फ्रिज ऐकू आला. खालच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू आला. मी दार उघडून सासूबाईंना बाहेर आणलं. त्या बोळात थांबल्या, मान वाकडी करून ऐकलं. न्हाणीघराकडे वळल्या नाहीत. टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या. तोंड थोडं उघडं, प्लास्टरचा हात मांडीवर. मी तिथंच शुक्राची, आभाराची, दोन रकात नमाज पढले.

पुढचे दिवस चांगले गेले, असंच म्हणायला हवं. त्या धावत नव्हत्या. जेवण जात होतं. प्लास्टर निघालं. गाठोडं मात्र बांधलेलंच असायचं.

पण एक गोष्ट मला खुपत होती. त्या आता माशांकडे कमी आणि कोपऱ्यातल्या कप्प्याकडे जास्त बघायच्या. दातेरी कडेवरून पाणी आत घसरताना दिसत होतं, आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

"हे कुठं जातं?" त्यांनी मला विचारलं.

"खाली. आणि परत वर येतं."

"आवाज न करता?"

"हो, आई. रिफअतनी केलं तसं."

"आवाज न करता चोर जातो," त्या म्हणाल्या. काचेवरून बोट फिरवत त्या पाइप शोधत खाली वाकल्या. कपाटाच्या दाराशी बोट थांबलं. मी त्यांना चहाला बोलावलं आणि ते तिथंच राहिलं. रिफअतना मी सांगितलं नाही. इतक्या दिवसांनी त्या माणसाला झोप लागत होती.

ठरल्याप्रमाणे अफकार आली, शुक्रवारी, मोठी रिकामी बॅग घेऊन. बॅग तिने दारामागे ठेवली. मी सय्यादिया, मासळीचा भात, केला होता, कांदा काळपट तळून, तिला आवडतो तसा. ती जेवता जेवता कान देऊन होती. आवाज नव्हता. आई शांतपणे माशाचे काटे काढत होती. अफकारने भात दुसऱ्यांदा घेतला आणि भावाला म्हणाली, "कोंडलास कसा रे याचा आवाज? आमच्या मुख्याध्यापिकेला पण एक व्हॉल्व्ह लाव ना."

रिफअत हसले. मी दारामागच्या बॅगेकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच वाटलं की ती रिकामीच परत जाईल.

जेवणानंतर रिफअत आडवे झाले. सासूबाई टाकीसमोरच्या खुर्चीत डुलक्या घेत होत्या. अफकार आणि मी स्वयंपाकघरात ताटं धूत होतो. ती धूत होती, मी पुसत होते. आणि हॉलमधून धो धो आवाज आला. छपरावरच्या पन्हाळीतून पावसाचं पाणी दगडावर पडावं तसा. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पण कशाचा ते तत्क्षणी कळलं. तिसरा पाइप.

मी धावले तेव्हा रिफअत माझ्या पुढे होते. कपाटाचं दार उघडं होतं. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, पाय पुढे पसरून, अर्ध्या कपाटात शिरून, आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचं चाक पिळत होत्या. ज्याचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं तो हातही. चाक शेवटपर्यंत बंद झालेलं होतं. त्या आणखी पिळत होत्या.

"बंद होत नाही," त्या म्हणत होत्या. "पोरींनो, बंद होत नाही. जितका पिळावा तितका ओरडतो."

त्यांना सापडलेला तो नळच होता. वाहतं पाणी, त्यावर चाक. त्यांनी तेच केलं जे त्यांनी जन्मभर केलं. पहिला पाइप बंद झाला, पाणी वर चढलं, दुसऱ्याला आवरलं नाही, आणि तिसऱ्याने रिफअतनी त्याला सांगून ठेवलं होतं तसा आरडाओरडा केला.

रिफअतनी पंपाची पिन उपटली. आवाज थांबला. सासूबाईंचे हात तरी सुटेनात. रिफअत त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"आई. जमिनीला हात लाव."

"बंद होत नाही रे."

"हात लाव. ओली आहे का?"

त्यांनी चाक सोडलं आणि फरशीवर तळवा ठेवला. मग इकडे, मग तिकडे, बराच वेळ. तळवा उचलून बघितला. कोरडा.

"एक थेंब बाहेर नाही गेला, आई. सगळं आतच आहे. मी राखलंय."

त्यांनी लेकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओळखतात की नाही. पण त्यांच्या आवाजात एकदम ती जुनी, ओट्यांवरची हाज्जा आली. "राखलंयस, आणि मूठ तशीच ठेवलीस? ज्या नळाला कुणी हात लावायचा नाही, त्याची मूठ काढून घ्यायची असते. एवढं खेळलास त्यांच्याशी, शिकला काहीच नाहीस."

रिफअत उठले. त्यांनी पंप पुन्हा सुरू केला, गडगडाट होऊ दिला, आणि आईसमोरच केसभर केसभर चाक उघडत पाणी पुन्हा जागेवर आणलं. त्या या वेळी घाबरल्या नाहीत, बारीक डोळ्यांनी लेकाचं काम तपासत होत्या. घर गप्प झालं. मग रिफअतनी व्हॉल्व्हच्या माथ्यावरचा स्क्रू काढला, लाल चाक ओढून काढलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते झग्याच्या खिशात टाकलं, वरून थापटलं आणि उठायला हात पुढे केला.

अफकार दारात उभी होती, हात साबणाने ओले. "आज नळ होता," ती मला हळूच म्हणाली. "उद्या गॅस असेल. त्याला तिसरा पाइप कुठून आणणार?"

ती स्वयंपाकघरात गेली, शेगडीच्या सगळ्या गोल चाव्या ओढून काढल्या, पुसल्या आणि माझ्या एप्रनच्या खिशात कोंबल्या. "चूल पेटवायची तेव्हा लावायच्या. विझवली की काढायच्या. विसरलीस तर मला कळेल, मी तान्ताहूनही ऐकते." तिचे डोळे भरले होते, म्हणून आवाज जास्तच मास्तरणीचा होता. संध्याकाळी तिने बॅग उचलली, रिकामी. जाताना आईला विचारलं, "येतेस का माझ्याकडे, आई?"

"मला काम आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि खिसा थापटला.

त्यानंतर त्या एकदाही आवाजामागे उठल्या नाहीत. वीज जाऊन आली की पाइप मिनिटभर गडगडतो, तेव्हा त्यांचा हात खिशात जातो, चाक चाचपतो, आणि त्या बसून राहतात. सकाळचं गाठोडंही बांधायचं थांबलं. रिफअत म्हणतात, आई आता निवली. तेही निवलेत. पुन्हा चहाचा पेला घेऊन टाकीसमोर बसतात, शेजारच्या खुर्चीत त्या असतात.

मागच्या आठवड्यात रिफअत दुकानात गेल्यावर मी न्हाणीघरात वजू करत होते. पाय धुऊन नळ बंद केला आणि वळले तर सासूबाई दारात उभ्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, बाहेरून आलेल्या बाईला न्याहाळावं तसं. मग त्यांनी खिशातून ते लाल चाक काढलं, माझा ओला हात उघडला, त्यात ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"तू पिळतेस नीट," म्हणाल्या. "मी बघितलं. आता तू बघ बाई. माझे गुडघे नाही चालत."

मी म्हणणार होते, आई, मी आहे, तुमची सून. शब्द तोंडाशी आले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका मोकळेपणा होता, की ती जबाबदारी परत त्यांच्या हातात देणं मला जमलं नाही.

"बघते, हाज्जा," मी म्हटलं. आई म्हणायचं सोडून मी त्यांना हाज्जा म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"आणि अनवाणी नको फिरूस. फरशी निसरडी असते. माझ्या खडावा घे."

मी हो म्हटलं. त्या भिंतीला हात लावत हळूहळू हॉलकडे गेल्या, उमदाला दाणे टाकायला. रिफअतना मी अजून हे सांगितलेलं नाही. चाक माझ्या एप्रनच्या खिशात शेगडीच्या चाव्यांबरोबर आहे. रोज सकाळी ते गेले की मी कपाट उघडते, तिसऱ्या पाइपच्या टोकाला बोट लावते, कोरडं आहे ना ते बघते आणि दार पुन्हा लावते.